'दाऊ' आणि 'तूं'

१६११ सालीं राजा जेम्सच्या आज्ञेनें झालेलें बायबलाचें इंग्रजी भाषांतर वाचूं लागलें, म्हणजे 'दाऊ', 'दी', 'यी' हीं सर्वनामें पावलोपावलीं आडवीं येतात. प्रार्थनेंत तीं ऐकून पुष्कळांचा समज होतो कीं, 'दाऊ' म्हणजे 'आपण' याहूनही आदराचा शब्द असावा. एका विद्यार्थ्यानें तर रजेच्या अर्जांत वर्गशिक्षकांस 'दाऊ' म्हणून संबोधिलें होतें! वस्तुस्थिति अगदीं उलट आहे.

'दाऊ' म्हणजे केवळ 'तूं'. संस्कृत 'त्वम्', लॅटिन 'तू' व आमचा 'तूं' यांचेंच तें भावंड. मुळांत एकास 'दाऊ' व अनेकांस 'यी' अशी सरळ वाटणी होती. 'दी' व 'यू' हीं त्यांचीं कर्मस्थानचीं रूपें. तेराव्या शतकापासून फ्रेंच रीतीच्या अनुकरणानें वडीलधाऱ्या एकट्या माणसासही अनेकवचन लावण्याचा प्रघात पडला. आपण गुरुजींस 'तुम्ही' म्हणतों तसाच. मग 'दाऊ' उरलें तें मुलांस, नोकरांस, जिवलगांस आणि शत्रूंस. १६०३ सालीं सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हां सरकारी वकील एडवर्ड कोक यानें भर न्यायसभेंत त्यांस मुद्दाम 'दाऊ' म्हटलें. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर अरेतुरे केलें. त्याच शतकांत क्वेकर पंथाच्या लोकांनीं, सर्व माणसें सारखीं म्हणून, लहानथोर सर्वांस 'दाऊ' म्हणण्याचा हट्ट धरिला व त्यापायीं मारही खाल्ला. इतर लोक मात्र ज्याला त्याला 'यू' म्हणूं लागले. तेव्हां इंग्रजींत 'तुम्ही' नाहीं, ही आमची नेहमींची तक्रार खोटी. इंग्रजांनीं गमाविला तो 'तूं'.

मग देवास 'दाऊ' कां? त्या भाषांतरकारांनीं मान पाहिला नाहीं, वचन पाहिलें. मूळ हिब्रू वा ग्रीकमध्यें एकवचन असेल तेथें 'दाऊ', मग समोर राजा असो वा भिकारी. पुढें व्यवहारांतून तो शब्द गेला, प्रार्थनेंत तेवढा राहिला, आणि न वापरलेल्या भांड्यास येते तशी सोंवळ्याची कळा त्यास आली.

आम्हां मावळच्या लोकांस यांत नवल वाटूं नये. कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेपुढें उभा राहिलेला यात्रेकरू तिला 'तूं'च म्हणतो. भंडाऱ्यावर एकांतास जाणारे तुकोबा विठ्ठलाशीं 'तूं' म्हणूनच भांडले. लोणावळ्यांत बाजारच्या माणसांस 'अहो' म्हणणारीं आमचीं मुलें घरीं आईस 'तूं' म्हणतात. एक दिवस तिला 'आपण' म्हणून पाहावें, ती हातांतलें काम टाकून विचारील, "बरें आहे ना रे तुला?"