अडीचशेंतील शेवटचा विद्यार्थी



सत्र संपत आले की आपणांस प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहावयाच्या असतात. तपासणीच्या वेळी पुष्कळ वह्यांत ‘लक्ष देत नाही’ हे एकच वाक्य ओळीने दहा-दहा मुलांपुढे उतरविलेले आढळते. वर्गशिक्षक असताना मीही तेच केले असल्याने दोष देण्याचा अधिकार मला नाही. तथापि अशाच एका शेऱ्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

इ. स. १९४९ मध्ये इंग्लंडातील ईटन येथील शाळेत जॉन गर्डन नावाचा मुलगा जीवशास्त्रात अडीचशे मुलांत शेवटचा आला. एका कामात त्याला पन्नासपैकी दोन गुण पडले होते. हा मुलगा सांगितलेले ऐकत नाही, स्वतःच्याच पद्धतीने काम करतो, आणि शास्त्रज्ञ होण्याची त्याची कल्पना हास्यास्पद आहे, अशा आशयाचा शेरा शिक्षकांनी लिहिला. त्यानंतर त्याला शाळेत विज्ञान मिळाले नाही. प्राचीन भाषा शिकाव्या लागल्या. पुढे ऑक्सफर्ड येथे त्याला प्राणिशास्त्राकडे वळता आले.

एका बीजापासून संपूर्ण प्राणी कसा घडतो, याचा अभ्यास म्हणजे विकासजीवशास्त्र. त्या काळी या शास्त्रापुढे एक मोठा प्रश्न होता. अंड्यापासून निघालेल्या पेशींपैकी काही त्वचेच्या होतात, काही आतड्याच्या. आतड्याची झालेली पेशी इतर अवयव घडविण्याच्या सूचना गमावून बसते काय? की संपूर्ण पुस्तक तिच्याजवळ असतेच, फक्त एकच धडा उघडा असतो? अमेरिकेतील ब्रिग्ज व किंग यांनी १९५२ मध्ये बेडकाच्या अंड्यात दुसऱ्या पेशीचे केंद्रक घालण्याची रीत बसविली होती. परंतु भ्रूण वाढत गेल्यावर घेतलेली केंद्रके बहुधा अपयशी ठरत, असे त्यांना दिसले.

गर्डन यांनी आफ्रिकेतील झेनोपस जातीचा बेडूक घेतला. त्याचे अंडे सुमारे एक मिलिमीटरचे. अतिनील किरणांनी त्यातील मूळ केंद्रक नष्ट करावयाचे आणि बारीक काचनलिकेने बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक त्यात सोडावयाचे. बहुतेक अंडी वाया गेली. शेकड्याला एक-दोन अंड्यांतून मात्र चांगली पोहणारी पिल्ले निघाली. शेकड्याला एक म्हणजे नापासच, असे आपणांस वाटेल! पण सूचना नाहीशा होतात हा नियम खरा असता, तर एकही पिल्लू निघावयास नको होते. हा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्याजाणत्यांच्या निष्कर्षाविरुद्ध एका तरुणाचे हे म्हणणे विद्वानांनी लगेच मान्य केले नाही. त्याला कित्येक वर्षे लागली.

आता संशोधकांच्या ‘गुणपत्रका’विषयी थोडेसे. एखाद्या निबंधाचा आधार दुसऱ्या संशोधकाने घेतला, की तो आपल्या निबंधाच्या शेवटी त्याचा उल्लेख करतो. या संदर्भोल्लेखांची सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून प्रसिद्ध केली. २००५ मध्ये हर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला आहे, परंतु एकवीस निबंधांचा प्रत्येकी एकवीस वेळा झालेला नाही, त्याचा निर्देशांक वीस. मोजण्यास सोपे, म्हणूनच नेमणुका व अनुदाने यांसाठी त्याचा मोह पडतो.

गर्डन यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी जपानात शिन्या यामानाका जन्मले. २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींत चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलपेशींसारखे करून दाखविले. त्यांच्या त्या निबंधाचा उल्लेख वीस हजारांहून अधिक वेळा झालेला आहे. गर्डन यांच्या निबंधाचा त्या मानाने कितीतरी कमी. तरीही २०१२ चे नोबेल पारितोषिक दोघांस मिळून देण्यात आले. तफावतीचे कारण उघड आहे. यामानाकांची रीत असंख्य प्रयोगशाळांत रोज वापरली जाते, आणि जो वापरतो तो उल्लेख करतो. गर्डन यांचे उत्तर मात्र क्रमिक पुस्तकांत जाऊन बसले. शरीरातील बहुतेक सर्व पेशींत एकच आनुवंशिक माहिती असते, हे शिकविताना आपण तरी कोणाचे नाव घेतो? २०१२ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे पेशीविज्ञानाच्या अधिवेशनात जमलेल्या काही संपादकांनी व प्रकाशकांनी एक जाहीरनामा तयार केला. निबंध कोणत्या नियतकालिकात छापला गेला या आकड्यावरून संशोधकाची योग्यता ठरवू नये, निबंध वाचून ठरवावी, असे त्यात म्हटले आहे. वाचून ठरविण्यास वेळ लागतो, हीच अडचण. चाळीस मुलांच्या नोंदी लिहिणाऱ्या शिक्षकाची अडचण तरी निराळी कोठे आहे?

गर्डन २०२५ मध्ये वारले. शाळेतील तो शेरा त्यांनी चौकटीत बसवून आपल्या कचेरीत लावून ठेवला होता. शाळेत असताना या मुलाने हजारो सुरवंट पाळून त्यांचे पतंग होताना पाहिले होते. शेऱ्यात त्याचा उल्लेख नाही. गुरुजींना ते ठाऊक होते आणि त्याचा त्यांना त्रासही होत असे.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गात सर्वांत मागे असलेल्या एका मुलाविषयी, तो शाळेबाहेर काय करतो, एवढीच नोंद लिहून आणावी. नाव लिहू नये.