जखम आणि पेशींचे रूपांतर

पांढुर्णा-सौंसरच्या बागांतून जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, हे आपण पाहतोच. कापलेल्या जागी पेशी नव्याने विभागू लागतात, निराळ्या कामाच्या पेशी बनतात आणि सांधा जुळतो.

आपल्या स्वादुपिंडातही काहीसे असेच घडते. पाचक रस निर्माण करणाऱ्या पेशी इजा होताच रसवाहक नलिकेच्या पेशींसारखे रूप धारण करतात. त्यामुळे जहाल रसाची निर्मिती घटते. दाह शमला, की त्या बहुधा पूर्ववत् होतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. परंतु मद्य व तंबाखू यांच्या सेवनाने दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला, तर परतीची वाट बिकट होते. त्यात जनुकांत बिघाड झाल्यास कर्करोग संभवतो.

संकटकाळी रूप पालटणे हा पेशींचा गुण. त्यांना स्वस्थानी परतू देणे हे आपले कर्तव्य होय.