खाडा चालेल, खंड नको

प्रश्न : मला दोन वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टर चालायला सांगतात, मीही हौसेने सुरुवात करतो. पंधरा-वीस दिवस सगळं छान चालतं. मग पाऊस, पाहुणे, बाहेरगाव असं काहीतरी निघतं आणि सुटतं ते सुटतंच. माझ्यात जिद्दच नाही का?

उत्तर : जिद्दीला दोष देऊ नका. तुमचं पत्र अनेकांच्या वतीने आलं आहे असं समजूनच उत्तर देतो. अशा मंडळींची सुरुवात बहुधा जोरात होते. नवे बूट येतात, पहिल्याच दिवशी तासभर चालणं होतं आणि तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात. उत्साह असतो तो सुरुवातीपुरता. त्याच्या भरवशावर वर्षभराचा बेत आखला, की तो कोलमडणारच.

आधी शरीराचा हिशोब समजून घ्या. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. चालून घरी आल्यावरही इन्सुलिनला दाद देण्याची त्यांची क्षमता वाढलेली राहते. हा परिणाम साधारण एक ते तीन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणून मधुमेहींसाठीच्या सूचनांमध्ये आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या व्यायामाबरोबर आणखी एक अट असते : सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. पहिली अट सगळ्यांना पाठ असते, दुसरीकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला मात्र दुसरीच जास्त कामाची वाटते. एखादा दिवस बुडाला तर बिघडत नाही, तिसऱ्या दिवशी बाहेर पडलात म्हणजे झालं. उलट आठवडाभर बसून रविवारी एकदम दोन तास चाललात, तर मिनिटं भरतील, पण मधले दिवस कोरडेच जातील.

दुसरी अडचण फळाची. वजनकाटा लवकर हलत नाही. ‘एचबीएवनसी’ ही तपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, कारण तांबड्या पेशींचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं. पंधरा दिवस चालून हा आकडा तपासलात तर निराशाच पदरी पडेल. त्याऐवजी घरी ग्लुकोमीटर असेल तर एक साधी चाचणी करा. एके दिवशी नेहमीचं जेवण करून बसून राहा आणि दोन तासांनी साखर बघा. दुसऱ्या दिवशी तेवढंच, तसंच जेवण करा, पण नंतर पंधरा-वीस मिनिटं चाला आणि पुन्हा दोन तासांनी बघा. बहुतेकांना फरक तिथल्या तिथे दिसतो. स्वतःच्या बोटातल्या थेंबाने दिलेली ही साक्ष डॉक्टरांच्या उपदेशापेक्षा जास्त पटते.

‘२१ दिवस केलं की सवय लागते’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडाही डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी लोकांच्या रोजच्या नव्या सवयींचा माग ठेवला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तो तुमचा नाकर्तेपणा नव्हे.

माझ्याकडे येणाऱ्या एक आजी तपासणीला येताना भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान घडी करून पिशवीतून आणतात. एकाच चौकोनात वर ‘दू. नाही’ आणि खाली पेन्सिलीने ‘चा. १५’. दुधाचे खाडे आणि चालण्याची मिनिटं शेजारीशेजारी. गणपतीतले काही चौकोन कोरे होते. पुढच्या चौकोनात ‘चा. १०’ लिहिलेलं पाहिलं, तेव्हा कोऱ्या चौकोनांबद्दल मी त्यांना काही बोललो नाही. दुधाचा खाडा पडला म्हणून कुणी रतीब बंद करत नाही. चालण्याचंही तसंच धरा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

वेळ घड्याळापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधा. ‘सकाळी चालेन’ असं मोघम ठरवू नका. ‘रात्रीचं जेवण झालं, ताट उचललं, की चपला घालून खाली’ असं ठरवा.

किमान माप इतकं लहान ठेवा, की वाईटातल्या वाईट दिवशीही जमेल. दहा मिनिटं पुष्कळ झाली. जास्त जमलं तर उत्तमच, पण उद्याचं माप तेच राहू द्या.

अडचणी आधीच ओळखा. पाऊस असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा ओसरीवर फेऱ्या मारा. लग्नाला गेलात तर पंगतीनंतर मांडवाभोवती दोन चकरा मारा. पाहुणे असतील तर त्यांनाच सोबत घेऊन निघा.

खंड पडलाच तर बुडालेली मिनिटं भरून काढायला जाऊ नका. त्या नादात पाय दुखावतात आणि पुन्हा खंड पडतो. निम्म्या मापाने सुरुवात करा आणि दोन-चार दिवसांत पूर्वपदावर या.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असं वाटत असेल तर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास लक्षात ठेवा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांमध्ये आहार आणि व्यायामातल्या बदलांनी पुढे मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. तुम्हाला मधुमेह झालेला आहेच, पण घरातल्या मुलाबाळांना हे जरूर सांगा.

काही पथ्यंही पाळा. इन्सुलिन किंवा साखर खूप उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. घाम फुटला, हातपाय थरथरले तर थांबून ती लगेच खा. अनवाणी चालू नका आणि रोज रात्री तळपाय नीट पाहा. पायावर जखम असेल तर आधी ती दाखवा. चालताना छातीत दुखलं, दाटल्यासारखं झालं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर लगेच थांबा. थांबूनही त्रास कमी झाला नाही तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा किती चाललात एवढंच सांगू नका. कशामुळे थांबलात आणि कितव्या दिवशी पुन्हा सुरू केलंत, तेही सांगा. गोळ्यांचं प्रमाण ठरवताना तुमच्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.