साळ नदी : बांध, गावे आणि चर्चे

दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यात वेर्ण्याच्या परिसरात उगम पावणारी साळ ही एक लहानशी नदी आहे. नावेली, बाणावली, वार्का, कारमोणा, चिंचिणी, असोळणा, केळशी आदी गावांच्या शिवारांतून वाहत ती बेतूल येथे अरबी समुद्रास मिळते.

भरतीचे खारे पाणी तिच्या पात्रात बरेच आत येते. काठची खाजन शेते भरतीच्या पातळीहून सखल असल्याने मातीचे बांध आणि ‘मानस’ यांवरच त्यांची भिस्त असते. मानस म्हणजे बांधातील दारे असलेली मोरी. भरतीच्या दाबाने ही दारे आपोआप मिटतात. ओहोटीला ती उघडून शेतातील पाणी बाहेर पडते. बांध एके ठिकाणी फुटला तरी खारे पाणी सर्वांच्या भातात शिरते. म्हणूनच त्याची देखभाल ‘गावकरी’ ही ग्रामसंस्था सामुदायिकरीत्या पाहत असे. गोव्यातील गावकरीच्या रूढींची नोंद पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये केली.

सोळाव्या शतकात सासष्टीत चर्चे उभी राहू लागली. हा बदल संघर्षाविना झाला नाही. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेजुइट मारले गेले. पुढे तेथील ग्रामप्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात ठार करण्यात आले. उपासना बदलली, तरी बांधाची गरज बदलली नाही. चर्चच्या खर्चासही गावकरीच्या उत्पन्नाचा हातभार लागे, आणि ते उत्पन्न बांधामागील भातातूनच येई. नव्या भाताची कणसे आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेण्याची प्रथा हेच नाते दर्शविते.

१९६४ च्या कूळ कायद्यातील १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमिनीचा हक्क मिळाला. हा न्याय्य बदल होता. परंतु गावकरीचा शेतीवरील ताबा सुटला आणि बांधांची जबाबदारी कूळ संघटनांकडे आली. जेथे संघटना शिथिल राहिली, तेथे बांध खचले व शेते पडीक झाली. नागरी सांडपाण्याचा भारही वाढला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत साळीचा समावेश आहे.

यातून ग्रामपंचायतींना घेण्यासारखा बोध स्पष्ट आहे. पावसाळ्यापूर्वी कूळ संघटनांसह बांध व मानस यांची पाहणी करावी. नदीत सोडले जाणारे सांडपाणी कोठून येते याची नोंद ठेवावी. शिक्षकांनी मुलांना मानस प्रत्यक्ष दाखवावी. चर्चेची इमारत भक्तगण जपतातच. तिच्या सणात वाहिली जाणारी कणसे मात्र बांध टिकला तरच पिकतील.