चिखल आणि उड्डाण

पहिला पाऊस पडून गेल्यावर नंदुरबारकडच्या काळ्या मातीच्या शेतवाटेने सायकल हाकून पाहा. डांबरी सडकेवर जी सहज धावते, तीच सायकल येथे जड होते. पायांचे बळ तेवढेच असते. परंतु त्यातील बरेचसे चाकांना धरून ठेवणाऱ्या मातीशी झगडण्यात खर्ची पडते. विमानाची गोष्ट याहून निराळी नाही.

विमान जागच्या जागी उचलले जात नाही. धावता धावता त्याला ठराविक वेग आला, म्हणजे पंखांवरून वाहणारी हवा त्याचा भार तोलू लागते. तो वेग येईपर्यंत धावपट्टी पुरली पाहिजे. समजा, समुद्रकाठच्या कठीण, कोरड्या धावपट्टीवर 15 अंश उष्णतामान असताना एका लहान विमानाला उड्डाणास 300 मीटर लागतात. तेथे कोरडे, आखूड गवत असेल, तर वैमानिक त्यात एक-पंचमांश मिळवतो, झाले 360. तापलेली हवा विरळ असते. तिच्यात पंखांना आधार कमी मिळतो आणि एंजिनाची शक्तीही घटते. म्हणून दर 10 अंशांमागे सुमारे एक-दशांश अंतर वाढते. आपल्याकडील वैशाखातला 45 अंशांचा दिवस धरला, तर 468 मीटर होतात. वर सावधगिरीचे एक-तृतीयांश ठेवा. 300 चे 624 झाले! तोरणमाळसारख्या उंच पठारावर हवा मुळातच विरळ, तेव्हा तेथे याहूनही अधिक.

आणि जमीन मऊ व भिजलेली असेल तर? निदान पाव हिस्सा वाढवावा, एवढेच सांगता येते; अधिक किती, ते चिखलच ठरवतो. 6 फेब्रुवारी 1958 रोजी जर्मनीतील म्युनिक येथे तर धावपट्टी पक्की होती. तिच्यावर केवळ अर्धवट वितळलेले बर्फ साचले होते. विमानाचा वेग वाढत गेला आणि ऐन वेळी घटू लागला. विमान टोकापलीकडे गेले. त्या अपघातात 23 माणसे दगावली. दोष आधी वैमानिकावर आला. 1969 साली ब्रिटिश चौकशीने त्याला त्यातून मुक्त केले.

म्हणून लहान विमानांचे अनुभवी वैमानिक एक खूणगाठ बांधतात. अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणास लागणाऱ्या वेगाचा सात-दशांश भाग हाती आला नाही, तर विमान तेथेच थांबवावयाचे. (अर्ध्या अंतरात अर्धा वेग पुरे, असे तुम्हांला वाटले असेल; मलाही एकेकाळी तसेच वाटे.)

थांबण्याचा हा निर्णय कधी कधी साऱ्या ऋतूसाठी घ्यावा लागतो. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले. अहमदाबादेस त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. तेथून ते मुंबईस जुहूला उतरले. आज तेथे पक्की धावपट्टी आहे. त्या वेळी समुद्रालगतची सुकलेली चिखलाची जमीन होती. पावसाळ्यात भरतीचे पाणी तिच्यावर चढे. तेव्हा जुहूचा हट्ट न धरता दोन विमाने, तीन वैमानिक व तीन यंत्रकारागीर असा सारा संसार पुण्यास हलवण्यात आला, आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून टपाल जाऊ लागले.