लघवी लाल झाली की ‘उन्हाळी’ म्हणून सोडू नका

चैत्र-वैशाखात देवळ्याच्या शिवारात कांदा काढणाऱ्या माणसाची लघवी लालसर झाली, की घरात निदान ठरलेलं असतं: उन्हाळी लागली, नाहीतर मुतखडा. धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. दोन दिवसांत रंग निवळतो आणि विषय संपतो. मूत्राशयाच्या कर्करोगाची सुरुवातही बहुधा अशीच होते. काहीही न दुखता रक्त येतं आणि आपोआप थांबतं.

“आमच्या घराण्यात कुणाला नाही,” हे उत्तर इथं फारसं कामाचं नाही. हा रोग आईबापांकडून सरळ मुलाकडे क्वचितच येतो. वारशाने येते ती विष निकामी करण्याची कमी-अधिक ताकद.

१८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या. पुढे त्यामागची ॲरोमॅटिक अमाइन्स ही रसायनं सापडली. विडी-सिगारेटच्या धुरातही ती असतात. ‘नॅट-२’ या जनुकाच्या आज्ञेने यकृतात तयार होणारं एन्झाइम त्यांचा बंदोबस्त करतं. काहींच्यात ते जन्मतःच मंद असतं. भारतात अशी माणसं निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहेत. क्षयावरचं आयसोनियाझिडही त्यांच्या अंगात जास्त वेळ टिकतं.

स्पेनमधल्या रुग्णांचा मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मंद ‘नॅट-२’ असणाऱ्यांना धोका साधारण ४० टक्क्यांनी जास्त आढळला, तोही मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांत. विष निकामी करण्याच्याच कामातलं ‘जीएसटीएम-१’ हे जनुक मुळातच नसलेल्यांचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी जास्त होता. धूम्रपान मात्र एकटंच हा धोका तिपटीच्या घरात नेतं.

म्हणून ‘नॅट-२’च्या तपासणीवर पैसे घालवू नका. निकाल काहीही आला तरी सल्ला एकच राहतो: विडी सोडा. रंगाई किंवा रबराच्या कामात असाल, तर हातमोजे आणि मास्क वापरा.

अपवाद लिंच सिंड्रोम या वारशाने येणाऱ्या विकाराचा. जवळच्या नात्यात पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. खारघरला टाटा स्मारक केंद्रात कर्करोगाच्या जनुकीय सल्ल्याची सोय आहे.

चाळिशीनंतर लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, तरी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. सोनोग्राफीत लहान गाठ निसटू शकते. युरॉलॉजिस्टने दुर्बिणीची तपासणी सुचवली, तर ती टाळू नका. वरच्या थरातली गाठ दुर्बिणीतूनच काढता येते आणि मूत्राशय वाचतं.