घरखर्चातून उरलेले पैसे

(विसाव्या शतकात ब्रिटनमधील स्त्रियांनी मताचा हक्क मिळवला, हे आपण इतिहासात वाचतो. घरातल्या पैशांवरचा हक्क मिळायला मात्र त्यांना आणखी बरीच वर्षे लागली. त्याची हकीकत या पाठात वाचा.)

१९४३ सालची गोष्ट. इंग्लंडमधील न्यायालयापुढे एक खटला आला. एक बाई मोठ्या काटकसरीने संसार करत असे. नवरा तिला घरखर्चासाठी पैसे देई. त्यातून थोडेथोडे वाचवून तिने सहकारी संस्थेत आपल्या नावावर १०३ पौंड १० शिलिंग साठवले. पुढे नवरा-बायको वेगळे राहू लागले. तेव्हा प्रश्न निघाला, की हे पैसे कोणाचे?

न्यायाधीशांनी निकाल दिला, की पैसे नवऱ्याचे! पैसे घर चालवण्यासाठी दिले होते. घर चालवून जे उरले ते देणाऱ्याकडे परत गेले पाहिजे, असे कायदा सांगत होता.

मुलांनो, या निकालाची एक गंमत पाहा. विवाहित स्त्रीची स्वतःची कमाई आणि मालमत्ता तिचीच, असा कायदा इंग्लंडमध्ये १८८२ सालीच झाला होता. १९२८ पासून तेथील स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मतदानाचा हक्कही होता. पण जी बाई घराबाहेर काम करत नाही तिची कमाई कोणती? चार पैसे वाचवायलाही कष्ट पडतात. एखादा जुना कोट उसवून मुलासाठी शिवावा लागतो. बाजारात दहा ठिकाणी भाव विचारावा लागतो. या कष्टांना कायद्याच्या हिशेबात जागा नव्हती.

मग बायका नोकरी का करत नव्हत्या, असे तुम्ही विचाराल. अनेकजणी करत होत्या. पण लग्न झाले, की पुष्कळ ठिकाणी नोकरी सोडावी लागे. तसा नियमच होता. शाळेतल्या शिक्षिका, सरकारी कचेरीतल्या कारकून, बँकेतल्या मुली, सगळ्यांना तो लागू होई. शिक्षिकांसाठी हा नियम १९४४ साली उठला आणि देशातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये १९४६ साली. परराष्ट्र खात्याने मात्र तो १९७३ पर्यंत सोडला नाही.

या सगळ्या काळात एलिनोर रॅथबोन नावाची एक बाई एकच मागणी पुन्हा पुन्हा मांडत होती. तिचा जन्म १८७२ सालचा. पहिल्या महायुद्धात लिव्हरपूल शहरात ती सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करत असे. सैनिक आघाडीवर गेल्यावर त्याच्या घरचा भत्ता सरकार थेट त्याच्या पत्नीच्या हातात देई. पैसा आईच्या हाती आला, की तो मुलांच्या पोटात जातो, हे रॅथबोनबाईंनी डोळ्यांनी पाहिले. मग युद्ध नसतानाही प्रत्येक आईला असा भत्ता का मिळू नये? १९२४ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. १९२९ साली त्या पार्लमेंटच्या सभासद झाल्या. तेथेही त्यांनी हा विषय सोडला नाही.

अखेर १९४५ साली सरकारने कुटुंबभत्त्याचे विधेयक आणले. पण त्यात भत्ता बापाचा, असे लिहिले होते! रॅथबोनबाई संतापल्या. ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले त्याच्याविरुद्ध मत देण्याची तयारी त्यांनी जाहीर केली. इतर सभासदांनीही त्यांची बाजू घेतली. शेवटी ‘बाप’ हा शब्द गेला आणि ‘आई’ हा शब्द आला. दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग ठरले. (तेव्हा २० शिलिंगांचा एक पौंड होई.) ऑगस्ट १९४६ मध्ये भत्ता मिळू लागला, तेव्हा तो पाहायला रॅथबोनबाई नव्हत्या. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचे निधन झाले होते.

घरखर्चातल्या बचतीचा प्रश्न मात्र तसाच होता. त्यासाठी १९६४ साल उजाडावे लागले. नवऱ्याने दिलेल्या घरखर्चातून जे उरेल त्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा, असा कायदा त्या वर्षी झाला. अर्धाच का, असे एखादीने म्हटले असेल. तरी शून्यापेक्षा तो कितीतरी जास्त होता.

नंतर गोष्टी भराभर घडू लागल्या. जून १९६८ मध्ये लंडनजवळच्या डॅगनम येथील फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या गाद्यांची कव्हरे शिवणाऱ्या बायकांनी संप केला. त्यांच्या कामाला कंपनीने हलका दर्जा दिला होता. गाद्यांवाचून मोटार विकणार कशी? कारखाना ठप्प झाला. तेव्हाच्या मंत्री बार्बरा कॅसल यांनी त्या बायकांना बोलावून घेतले आणि तडजोड केली. पुढे १९७० साली समान वेतनाचा कायदा झाला. १९७५ साली तो अमलात आला. स्त्री म्हणून कर्ज नाकारणे किंवा पुरुषाचा जामीन मागणे हेही त्याच वर्षी बेकायदा ठरले. १९७७ पासून पहिल्या मुलालाही भत्ता मिळू लागला.

तरीही एक गोष्ट राहून गेली होती. प्राप्तिकराच्या दृष्टीने पत्नीचे उत्पन्न हे पतीचेच मानले जाई. कराचा फॉर्म पती भरत असे. पत्नीला तिच्या बचतीवर किती व्याज मिळाले, हे तिने त्याला सांगितलेच पाहिजे. त्याचे उत्पन्न किती, हे तिला सांगण्याची त्याच्यावर सक्ती नव्हती. ६ एप्रिल १९९० पासून ही पद्धत बंद झाली. त्या दिवसापासून पत्नीचा फॉर्म वेगळा झाला आणि त्यावर सही तिची स्वतःची येऊ लागली.

शब्दार्थ : काटकसर – किफायत, खटला – मुकदमा, कष्ट – मेहनत, भत्ता – अलाउन्स, संप – हडताळ, तडजोड – समझोता.

स्वाध्याय
१. न्यायालयाने १९४३ साली काय निकाल दिला? त्याचे कारण काय?
२. स्वतःच मागितलेल्या कायद्याविरुद्ध मत द्यायला रॅथबोनबाई का तयार झाल्या?
३. घरातली कोणती कामे ‘कमाई’ मानावीत असे तुम्हांला वाटते? पाच-सहा वाक्ये लिहा.